मुलांचे कान



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'मुलांचे कान' एवढेच दोन शब्द कळविले. त्यावर त्यांचा उलट निरोप आला की, व्याख्यान वैद्यकीय असल्यास अध्यक्षस्थानी एखाद्या कानाच्या डॉक्टरांना बसवावे काय? आम्ही सांगितले, व्याख्यान थोडे वैद्यकीय आहे, थोडे शाळेतले आहे आणि बरेचसे घरातले आहे. तेव्हा अध्यक्ष कोणीही चालतील, फक्त ते शेवटपर्यंत ऐकणारे असावेत. आजचे अध्यक्ष ही अट पुरी करतील, याची आम्हांस खात्री आहे.

आमचा अधिकार काय, हे आधीच सांगून टाकलेले बरे. आम्ही गवई नाही. संगीतावर ग्रंथ लिहिलेला नाही, की मैफिलीत पुढे बसून मान डोलावण्याइतकी जाणकारीही अंगी नाही. सत्तावीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवीत आहोत, एक मुलगी वाढविली आहे आणि लहानपणापासून गाणे ऐकत आलो आहोत. या तिन्ही कामांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा ध्यानात आली, ती आज तुमच्यापुढे ठेवावयाची आहे. ती अशी : कान जन्माबरोबर मिळतात, परंतु ऐकणे मात्र कोणाच्या तरी शेजारी बसून शिकावे लागते. आणि हे शेजारी बसणेच आपण आपल्या मुलांच्या आयुष्यातून हळूहळू काढून घेत आहोत.

तुम्ही म्हणाल, ऐकणे ते काय शिकावयाचे? वाचणे शिकवितात, लिहिणे शिकवितात, ऐकणे आपोआप येते. शाळेतही आम्ही दिवसातून वीस वेळा 'ऐका रे' म्हणतो. पण कसे ऐकावे हे कोणत्याही इयत्तेच्या पुस्तकात नाही. ज्यांनी या महाराष्ट्रात व्याख्यानमाला सुरू केल्या, त्यांना मात्र ही गोष्ट ठाऊक असावी. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा तेथे बोलणाऱ्यांना व्यासपीठ मिळाले हे आपण नेहमी सांगतो. त्याच वेळी ऐकणाऱ्यांनाही एक सतरंजी मिळाली, हे सांगावयाचे राहून जाते. आपल्याला न पटणारा माणूस तासभर काय बोलतो, हे शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून ऐकून घेणे, ही एक नवी सवय त्या सतरंजीवर एका शहराला लागली. पुढे गावोगाव ती पसरली आणि आपण येथे जमलो आहोत तेही तिच्याच पुण्याईने.

आता घराकडे येऊ. आमच्या लहानपणी घरात एक रेडिओ होता आणि तो फळीवर, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर असे. तो लावण्याचा आणि बंद करण्याचा हक्क वडिलांचा. त्यामुळे जे लागेल ते सर्वांनी ऐकावयाचे. आई स्वयंपाकघरातून ऐके, आजी वाती वळताना ऐके, आम्ही अभ्यासाचे पुस्तक पुढे धरून ऐकत असू. गाण्यातले आम्हांस काही कळत नव्हते. परंतु एखाद्या जागेवर वडील नकळत 'वा' म्हणत. त्या 'वा'मुळे एवढे कळे की, येथे काहीतरी घडले. काय घडले ते कळावयास पुढे पंधरा वर्षे लागली. पण 'घडले' हे त्याच क्षणी कळले. मुलाच्या कानाचे शिक्षण ते हेच.

वडिलांना हे कोठून आले? ते सांगत की, १९५५ साली ते शाळकरी मुलगे होते आणि त्यांच्या वाड्यात रेडिओ एकच होता. त्या वर्षी रामनवमीला, म्हणजे १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, स्वररचना सुधीर फडके यांची. दर आठवड्याला एक नवे गीत. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे बावन्न आठवड्यांच्या योजनेत चार गीतांची भर पडली आणि संख्या छप्पन्न झाली. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्या ओसरीवर शेजारपाजार येऊन बसे. छप्पन्न आठवडे लहानथोर माणसे एकाच वेळी एकच गाणे ऐकत होती आणि पुढच्या गीताची आठवडाभर वाट पाहत होती. आज ती सर्व गीते वाटेल त्या क्षणी खिशातल्या फोनवर मिळतात. ही मोठीच सोय आहे आणि आम्ही स्वतः तिचा लाभ घेतो. पण आठवडाभर वाट पाहणे आणि शेजाऱ्याचे 'वा' ऐकणे, या दोन गोष्टी त्या फोनवर मिळत नाहीत.

येथे कोणी असे समजू नये की, आम्ही जुन्याचे पोवाडे गाण्यास उभे आहोत. जुन्या काळीही कान घडविण्याचे काही प्रयत्न फसले. त्यांतला एक आठवण ठेवण्याजोगा आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे कट्टे अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि अनेक घरांत थोर गवयांचे आवाज प्रथम पोचले ते त्यामुळे. हे त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु त्याबरोबर चित्रपटगीतांना त्यांनी आकाशवाणीची दारे जवळजवळ लावून घेतली. लोकांनी काय केले? त्यांनी रेडिओची खुंटी फिरविली आणि सिलोन लावले. त्याच १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि घराघरांत तिने ठाण मांडले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला विविध भारती काढावी लागली.

ही हकीकत आम्ही सांगतो ती केसकरांना नावे ठेवण्यासाठी नव्हे. प्रत्येक आईबापाच्या अंगी एक लहानसे केसकर असतात. मुलगा काही धांगडधिंगा ऐकत असला की आपण म्हणतो, 'बंद कर ते, काही चांगलं ऐक.' मुलगा बंद करतो, म्हणजे कानांत बोंडे घालतो आणि तेच ऐकतो. त्याचे सिलोन आता त्याच्या खिशात आहे. हुकुमाने कान घडत नाही. त्याच्याजवळ जाऊन बसावे, त्याचे गाणे आधी आपण ऐकावे, मग आपले त्याला ऐकवावे, हाच त्यातल्या त्यात चालणारा मार्ग आहे. एकदा दहावीतल्या एका मुलाने आम्हांस एक रॅप ऐकविले. शब्द फार भरभर जात होते. आम्ही म्हटले, 'अरे, तुझा हा गडी लयीला पक्का आहे, पण श्वास कुठे घेतो?' त्याने ते पुन्हा लावले, आणि आम्ही दोघे तो श्वास शोधीत बसलो. त्या दिवसापासून तो मुलगा वर्गातही ऐकू लागला, असे आम्हांस वाटते.

घराबाहेर हे काम करावयाचे ते शाळेने. त्याचीही आपल्याकडे थोर परंपरा आहे. कुरुंदवाडचा एक मुलगा लहानपणी दारूकामाच्या अपघातात दृष्टीला दुखावला. शाळेचा मार्ग खुंटला म्हणून मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकावयास गेला. तेच पुढे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर झाले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. संस्थानिकांच्या दिवाणखान्यातून आणि गुरूच्या घरातून गाणे बाहेर आले आणि सामान्य घरच्या मुलामुलींना वर्गात बसून शिकता येऊ लागले. दुसरे पंडित विष्णु नारायण भातखंडे. हे मूळचे वकील. त्यांनी देशभर हिंडून उस्तादांकडून चिजा मिळविल्या, त्या स्वरलिपीत लिहिल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत सर्वांसाठी खुल्या केल्या. १९२६ साली लखनौस संगीताचे कॉलेज उभे राहिले, त्यामागे त्यांचाच हात होता. या दोघांनी केलेल्या कामावर आजची संगीताची प्रत्येक शिकवणी उभी आहे. तरीही क्रमिक पुस्तकातली चीज पुस्तकातून उठून मुलाच्या कानात जात नाही. ती कोणीतरी समोर बसून गावी लागते.

आज शाळेत काय आहे? २९ जुलै २०२० रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान, अभ्यासाचे विषय आणि अभ्यासाबाहेरचे विषय, यांच्यामध्ये कडक भिंती नसाव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे. वाचून आम्हांस फार बरे वाटले. परंतु शाळेचे वेळापत्रक हे धोरणाहून जुने आणि चिवट असते. संगीताचा तास आठवड्यातून एकदा येतो आणि तोही परीक्षेच्या मोसमात गणिताला किंवा आमच्या विज्ञानाला उसना दिला जातो. उसने घेतलेले पीठ शेजारीण परत करते. उसना घेतलेला संगीताचा तास परत केल्याचे आम्ही अद्याप पाहिलेले नाही.

याला मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. पालकांना गुण हवे असतात, आणि पालकांनाही दोष कसा द्यावा? २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत काय झाले ते तुम्हां सर्वांना आठवत असेल. तेवीस लाखांहून अधिक मुले बसली. ४ जूनला निकाल लागला तेव्हा सदुसष्ट जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. पेपर फुटल्याचे आरोप झाले, वाढीव गुणांवरून ओरड झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलैअखेर सुधारलेल्या निकालात पैकीच्या पैकी गुण मिळविणारे सतराच उरले. ज्या देशात एका गुणाने हजारो मुले मागेपुढे होतात, तेथे आईबापांनी मुलांस 'निवांत गाणे ऐक' म्हणावे ही अपेक्षा फार मोठी आहे, हे आम्ही जाणतो. हा प्रश्न आमच्याही घरात येऊन गेला.

आमची मुलगी आठव्या वर्षापासून गल्लीतल्या एका मास्तरांकडे गाणे शिकत असे. मास्तर पोस्टातून निवृत्त झालेले, मोठे गवई नव्हते. पण सुराला चोख. मुलीच्या प्रवेशिकेपर्यंतच्या परीक्षा झाल्या होत्या. दहावीच्या वर्षी क्लासची वेळ आणि गाण्याची वेळ एकच आली. एका संध्याकाळी ती म्हणाली, 'आई, गाणं सोडू का गं?' आम्ही तिला घेऊन मास्तरांकडे गेलो. ते रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, 'परीक्षेला बसू नकोस. गाऊही नकोस. रविवारी सकाळी ये आणि नुसती मागे तंबोऱ्याला बस.' झाले. दहावी, अकरावी आणि बारावी अशी तीन वर्षे दर रविवारी ती लहान मुलांच्या मागे तंबोरा छेडीत बसली. एक तास. क्लासचे काही बुडाले नाही.

ती गायिका झाली नाही, आणि ते कोणी ठरविलेही नव्हते. परंतु त्या तीन वर्षांत तिला जे मिळाले ते आधीच्या आठ वर्षांत मिळाले नव्हते, असे ती स्वतः सांगते. स्वतः गाताना माणसाचे लक्ष आपल्या आवाजाकडे असते. मागे बसल्यावर तिला दुसऱ्यांचे ऐकू येऊ लागले. कोणाचा गंधार कोठे उतरतो, कोण घाबरले की लय वाढविते, मास्तर कोणाला थांबवितात आणि कोणाला चुकू देतात, हे सारे तिला दिसू लागले. मास्तर शिकवीत होते ते आम्हांसही तेव्हाच कळले.

तिची बारावीची परीक्षा संपली आणि लगेच करोना आला. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता आपण सर्वांनी गच्चीत आणि दारात उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या. त्यानंतर जी शांतता पडली ती तुम्ही विसरला नसाल. चौकातली वाहने थांबली आणि ज्यांच्या घरामागे झाड होते त्यांना त्यावर किती पक्षी आहेत हे प्रथमच ऐकू आले. शाळा फोनमध्ये शिरली. विज्ञान तेथे कसेबसे शिकविता येत होते. गाणे मात्र येईना.

याचे कारण विज्ञानाचे आहे, म्हणून दोन वाक्यांत सांगतो. फोनवरून आवाज जातो तो तुकडे करून, दूरच्या यंत्रांतून फिरून, पुन्हा जोडून पोचतो. यात सेकंदाचा दहावा हिस्सा, कधी पाव सेकंदही मोडतो. बोलताना हे जाणवत नाही. परंतु द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या, तर पाव सेकंद म्हणजे एक पुरी मात्रा झाली. मास्तर समेवर येत तेव्हा शिष्याची मात्रा मागे राही. शिष्याचा आवाज परत मास्तरांकडे पोचेपर्यंत सम पुढे निघून गेलेली असे. आधी एकाने गावे, मग दुसऱ्याने, एवढेच शक्य. दोघांनी मिळून एक 'सा' लावणे त्या यंत्राला साधत नव्हते. मास्तरांनी महिनाभर प्रयत्न केला आणि म्हणाले, 'हे पत्रव्यवहारासारखं आहे. प्रत्यक्ष भेटू तेव्हा गाऊ.'

प्रत्यक्ष भेट झाली नाही. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, मास्तर गेले. अंत्यविधीला कोणासच जाता आले नाही. त्या महिन्यात आपल्यापैकी किती घरांत असे घडले, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. पुढे काही महिन्यांनी त्यांच्या चिरंजिवांनी निरोप पाठविला की, घर आवरतो आहोत, तंबोरा तुमच्या मुलीने न्यावा, असे दादा सांगून गेले आहेत. तो मिरजेचा तंबोरा, पंढरपूरकडच्या भोपळ्याचा, आमच्या घरी आला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती बातमी मुलीने परगावाहून आम्हांस फोनवर वाचून दाखविली, आणि मग थोडा वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

घरात नुसता उभा राहून तंबोरा बिघडतो, म्हणून आम्ही तो एके दिवशी शाळेत नेला. नववीला ध्वनीचा पाठ चालला होता. तंबोऱ्याला चार तारा असतात. मधल्या दोन तारांना जोडी म्हणतात, कारण त्या एकाच षड्जात मिळविलेल्या असतात. आम्ही जोडीतल्या एका तारेवर कागदाचा चिमुकला घोडा करून ठेवला आणि दुसरी तार छेडली. पहिलीला हात लागला नव्हता, तरी तिच्यावरचा कागद थरथरला आणि खाली पडला. मुले ओरडली. मग आम्ही दुसरी तार किंचित उतरविली, कागद पुन्हा ठेवला आणि छेडली. कागद जागचा हलला नाही. पुस्तकात याला अनुस्पंदन म्हणतात. पहिल्या तारेच्या कंपनसंख्येशी दुसरीची जुळली तरच ती हलते. जोराने छेडण्याचा तेथे काही उपयोग नाही. नंतर पंचमाची तार लावून सांगितले की, षड्ज २४० कंपनांचा धरला तर पंचम ३६० चा, म्हणजे दोनास तीन हे प्रमाण आहे. ते गणिताच्या वहीत जसे पुरे जमते तसेच कानातही जमते. त्या तासाला चाळीस मुले चाळीस मिनिटे गप्प होती. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत असे फार वेळा झालेले नाही.

तास संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. म्हणाला, 'बाई, मला शेवटचं ऐकू आलं नाही. कानात शिट्टी वाजतेय.' विसर्जनाची मिरवणूक होऊन दोन दिवस झाले होते. हा मुलगा रात्रभर ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे नाचला होता. त्याची शिट्टी चार दिवसांनी थांबली. सर्वांची थांबतेच असे नाही. येथे आमच्या व्याख्यानाचा वैद्यकीय भाग सुरू होतो. तो लहानच आहे.

आपल्या आतल्या कानात, शंखासारख्या एका नळीत, सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. त्या जन्मतः मिळतात तेवढ्याच. त्वचा भरून येते, हाड जुळते. पण माणसाच्या कानातली मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दसपट होते, हे ध्यानात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास ऐकला तर चालतो. ९० चा ऐकावयाचा तर चारच तास. आणि १०० चा तर अर्ध्या तासाहूनही कमी. बारा ते पस्तीस वयाच्या शंभर कोटींहून अधिक तरुणांच्या कानांना चुकीच्या ऐकण्याने धोका आहे, असेही ती संघटना सांगते. आपल्या देशात २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५, शाळा आणि रुग्णालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा. ५५ कोठे आणि मिरवणुकीतल्या भिंतीपुढचे शंभर कोठे! हा फरक पंचेचाळीसचा दिसतो. ऊर्जेचा हिशेब केला तर तो तीस हजार पटींच्या घरात जातो.

गणपती बसवावा, मिरवणूक काढावी, मुलांनी नाचावेही. आमचा त्याला विरोध नाही. आमच्या लहानपणी आम्हीही लेझीम खेळलो आहोत. परंतु ज्या उत्सवाने एका पिढीला व्याख्याने आणि मेळे ऐकावयास बसविले, त्याच उत्सवात पुढच्या पिढीने कानच गमवावेत, याचा विचार मंडळांच्या कार्यकर्त्यांनी करावा. ते कार्यकर्ते आमचेच जुने विद्यार्थी आहेत. भेटतात तेव्हा वाकून नमस्कार करतात आणि आम्ही काय बोललो ते त्या गोंगाटात त्यांना ऐकू येत नाही.

आता एक नवी गोष्ट. जानेवारी २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी एका तमिळ चित्रपटाच्या गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकरवी पुन्हा निर्माण केले. घरच्यांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन केले, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. सर्वच असे सभ्य नसतात. त्याच वर्षी जुलैत गायक अरिजित सिंग यांना आपल्या आवाजाची नक्कल थांबविण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिले. वर्गात यावर बोलणे निघाले तेव्हा एका मुलीने विचारले, 'बाई, हुबेहूब असेल तर मग फरक काय?'

प्रश्न खरा होता, म्हणून आम्ही उत्तर दुसऱ्या दिवशी देतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला उस्ताद झाकिर हुसेन यांच्या साथीचे एक चित्रमुद्रण दाखविले. १५ डिसेंबर २०२४ रोजी ते गेले, त्यानंतरच्याच आठवड्यातली ही गोष्ट. आम्ही सांगितले, 'यांच्या हातांकडे बघू नकोस, चेहऱ्याकडे बघ. वाजवत नसतात तेव्हा काय करतात ते बघ.' ते ऐकत होते. सतारीची एक जागा पुरी होईपर्यंत ते थांबत, हसत, आणि मग तिला उत्तर देत. ऐकणे हीच त्यांची अर्धी विद्या. मुलगी थोडा वेळ पाहून म्हणाली, 'म्हणजे मशीन गातं, पण समोरच्याचं ऐकत नाही.' उद्याची यंत्रे कदाचित ऐकतीलही; विज्ञानाच्या शिक्षकाने पैज मारू नये. परंतु समोर बसलेल्या माणसाला आपण ऐकत आहोत आणि तो आपल्याला ऐकत आहे, ही जाणीव मुलांना लहानपणी एकदा झाली, तर पुढे नकली कोणते हे त्यांचे त्यांना कळेल.

आता काय करावे, हे सांगितल्यावाचून व्याख्यान संपविता येत नाही. मोठ्या योजना आमच्याजवळ नाहीत. तीन लहान गोष्टी आहेत.

पहिली घरासाठी. आठवड्यातून एकदा, वीस मिनिटे, घरातल्या सर्वांनी एका खोलीत बसून एक गाणे ऐकावे. कानांत बोंडे नकोत, हातात फोन नको. एक आठवडा मुलांच्या आवडीचे, एक आठवडा आपल्या आवडीचे. भाष्य करू नये. आवडले तर 'वा' म्हणावे, नाही आवडले तर गप्प बसावे. आजीआजोबा असतील तर त्यांची जागा सर्वांत पुढे.

दुसरी शाळेसाठी. येथे शाळांचे काही संचालक बसलेले दिसतात. संगीताचा तास उसना देऊ नका. संगीतशिक्षक नेमण्यास पैसे नाहीत हे खरे आहे. पण गावात भजनी मंडळे आहेत, कीर्तनकार आहेत, पोस्टातून निवृत्त झालेले मास्तर आहेत. त्यांना सन्मानाने बोलवा आणि मुलांसमोर बसवा. सर्व मुलांनी गावे असे नाही. पाच गातील, पस्तीस ऐकतील. ते पस्तीसही शिकत असतात.

तिसरी गावासाठी. येत्या उत्सवात प्रत्येक मंडळाने एक माणूस आवाज मोजण्यास नेमावा. आमचे नववीचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतील. मोजणी कशी करावयाची ते आम्ही त्यांना शिकवू. रोजचा आकडा मंडपाच्या फलकावर खडूने लिहावा. कोणाला दंड नको, भांडण नको. आकडा रोज डोळ्यांसमोर आला की माणूस विचार करू लागतो, असा आमचा वर्गातला अनुभव आहे.

आमच्या मुलीचा तंबोरा आता शाळेच्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकांच्या कपाटाशेजारी असतो. दर शनिवारी सातवीची दोन मुले तो मिळविण्याचा प्रयत्न करतात. पंधरा मिनिटे जातात, तार कधी चढते, कधी उतरते. बहुधा जमत नाही आणि घंटा होते. ज्या शनिवारी जमते त्या शनिवारी ती दोघे कोणालाही न सांगता एकमेकांकडे बघतात. तुमच्यापैकी कोणास सुराची जाण असेल आणि शनिवारची सकाळ मोकळी असेल, तर आमच्या शाळेत जरूर यावे. त्या मुलांच्या शेजारी बसण्यास माणसे कमी पडत आहेत.